न्हाणीमागचं सीताफळ

अक्का, सगळ्यात आधी हे ऐक. तुझ्या सीताफळाला मी पाणी घातलेलं नाही. तेरा दिवस घरात माणसांची वर्दळ होती, न्हाणीत बादल्यावर बादल्या सांडत होत्या, आणि कुणी उरलेलं पाणी घेऊन त्या कोपऱ्याकडे निघालं की मी धावत जाऊन त्याचा हात धरत होतो. पाहुण्यांना वाटलं, बहीण गेल्याच्या दुःखाने याचं डोकं फिरलं. शांता काही बोलली नाही. चैत्रात त्या झाडाला पाणी घालायचं नाही हा या घरातला कायदा आहे, आणि तो कुणी केला हे माझ्या बायकोइतकं कोण जाणतं?

काल तुझं तेरावं झालं. तुझ्या सासरची माणसं जेवणं उरकून दुपारच्याच सर्व्हिस मोटारीने नरडाण्याला परत गेली. आज मी मागच्या दाराच्या पायरीवर कागद घेऊन बसलोय. समोर झाड आहे, त्याच्यावर एक पान नाही, कुणाही परक्याला वाटावं की हे वाळून गेलं. तुझ्याबद्दल लोक खूप चांगलं बोलले. मी मात्र मान खाली घालून बसलो होतो, कारण अकरा वर्षं एक वाक्य माझ्या घशात अडकलेलं आहे आणि ते मी तुझ्यासमोर कधी बोललो नाही. काल संध्याकाळी त्या वाक्याचं काय झालं तेही सांगायचंय. पण मी मोजणी खात्यातला कारकून. हद्दीच्या एका दगडावरून दुसऱ्या दगडावर गेल्याशिवाय मला चालता येत नाही, हे तू जाणतेस. तेव्हा क्रमाने येऊ दे.

भाऊजी गेल्यावर तू या घरी आलीस. तीस वर्षांपूर्वी इथूनच परकरात सासरी गेलेली मुलगी, परत आली ती शेतकरीण होऊन, बोलणंसुद्धा पार बदललेलं. आपण एका आईची लेकरं, पण मी धुळ्याच्या कचेरीतली मराठी बोलणार आणि तू शिंदखेड्याच्या माळावरची. शांताला पहिले चार दिवस तुझं निम्मं कळेना. शेत दिरांकडे राहिलं, त्याबद्दल तू एक अक्षर बोलली नाहीस. सोबत एक बोचकं आणि पदराच्या गाठीत मूठभर काळ्या बिया. तुझ्या बांधावरच्या सीताफळाच्या होत्या त्या. गाठ सोडून तू त्या कोनाड्यात ठेवल्यास, तेव्हा मी विचारलंसुद्धा नाही कसल्या म्हणून.

मी तेव्हा त्या कोपऱ्याच्या नादात होतो. न्हाणीची भिंत आणि शेजारच्या बायजाची भिंत यांच्यामधली ती चिंचोळी जागा. मी ती फितीने मोजली होती, पाच फूट दोन इंच लांब आणि तीन फूट सात इंच रुंद. एवढ्याशा जागेत काय लावावं म्हणून मी अख्खी कचेरी डोक्यावर घेतली होती. रावेरकडचा एक सहकारी म्हणाला, न्हाणीच्या पाण्यावर केळ लाव. दुसऱ्याने कडुनिंब सुचवला. कडुनिंबाने बायजाची भिंत पाच वर्षांत आडवी केली असती. जळगावला कामासाठी गेलो असताना मेहरूणची बोरं खाल्ली आणि दोन दिवस बोरीचं वेड घेतलं. तू मध्ये पडलीस.

"बोरले काटा ऱ्हास," तू म्हणालीस. "इतलीशी जागामा बोर लावशी तं बायकास्ना लुगडा फाटतीन. आनि केळले रोज पानी कोन घाली? वैशाखमा गल्लीनी हीर कोरडी पडस ना?"

"मग काय लावू?"

"सीताफळ लाव. त्याले पानी नको, जागा नको. ते आपलं पानी आपनच धुंडस."

मी हसलो. सीताफळ म्हणजे माळावरचं, दगडधोंड्यात उगवणारं. ते कुणी लावतं का? ते झाडसुद्धा नाही, झुडूप आहे, असं मी म्हणालो. आमच्या दप्तरात झाडांची नोंद होते, त्यात सीताफळ कुठेच नसतं, असंही ऐकवलं. त्या दिवशी सुरू झालेला तो वाद आपण शेवटपर्यंत संपवला नाही. तू म्हणायचीस, एका माणसाला सावली देतं ते झाड. मी म्हणायचो, झाडाला एक खोड पाहिजे. तू विचारायचीस, "तुना दप्तरमा माले लिखेल शे का?" आणि मी विषय बदलायचो.

ज्येष्ठाच्या शेवटी तू कोपऱ्यात तीन बिया पेरल्यास. मी म्हटलं, आधी डब्यात रोप करू, मग लावू, सगळे तसंच करतात. तू मान हलवलीस. जागेवरच पेरायचं. डब्यात मूळ गोल फिरतं, त्याला खाली जायची सवय लागत नाही, आणि उन्हाळ्यात मार खातं ते तिथेच. तीन रोपं आली, त्यातलं एक ठेवून दोन तू उपटलीस. दिवाळीपर्यंत अधूनमधून तांब्याभर पाणी दिलंस आणि दिवाळीनंतर एकदम बंद केलंस. मला ते क्रूर वाटलं. बोटभर रोप, त्याच्या शेजारी न्हाणीचं पाणी वाहतंय, आणि तू ते पाणी चिखल घालून दुसरीकडे वळवलंस. "त्याना लाड करू नको," तू म्हणालीस. "वर पानी भेटनं तं खाले कसाले जाई ते?" पुढच्या दिवाळीला ते गुडघ्याएवढं होतं. दीड वर्षात गुडघा! मी कचेरीत चेष्टा करायचो, की आमच्या अक्काने झाड लावलंय, माझी पेन्शन आणि त्याचं पहिलं फळ एकाच वर्षी येईल.

आता ते येतं, अक्का.

त्याच मार्गशीर्षात तू नणंदेच्या मुलीच्या लग्नाला नरडाण्याला गेलीस, आठ दिवसांसाठी. मी जळगावहून परतताना एक कागदी लिंबाचं कलम आणलं. कुंडीतलं, हिरवंगार, त्याला दोन लिंबंसुद्धा धरलेली. चाळीसगावला गाडी बदलताना ती कुंडी मी तान्ह्या पोरासारखी मांडीवर घेतली होती. डब्यातल्या बायका विचारत होत्या, भाऊ, कुठून आणलं? मला मोठा अभिमान वाटत होता. घरी आलो, कोपऱ्यात उभा राहिलो आणि दिसलं, की दोन्हींना जागा नाही. पाच फूट दोन इंच.

मी कोयता आणला आणि तुझं सीताफळ जमिनीसरशी कापलं. एकच घाव पुरला. त्याच्यावर माती ओढली, वीतभर पलीकडे लिंबू लावलं, आणि शांताला म्हटलं, अक्काला मी सांगेन. शांता म्हणाली, तुम्हीच सांगा, मला मध्ये ओढू नका. तिने तोंडाला कुलूप लावलं ते आजतागायत.

तू आलीस. पिशवी खाली ठेवायच्या आधी मागे गेलीस. मी पाठोपाठ. तू लिंबाकडे पाहिलंस, मग मातीकडे. बोलायची तयारी मी मोटारीच्या स्टँडपासून करत आलो होतो, की अक्का, माझं चुकलं, मला मोह झाला. आणि तोंडातून काय निघालं? "बकरीने खाल्लं गं. जागा रिकामी झाली, म्हणून हे लावलं."

"कोनी बकरी?" तू विचारलंस.

"बायजाची. काबरी."

बायजाची काबरी म्हणजे आपल्या गल्लीतली सगळ्यात बदनाम बकरी. शांताचं वाळत घातलेलं लुगडंही तिने चघळलं होतं. तिच्यावर काहीही खपलं असतं. तू माझ्याकडे बराच वेळ पाहिलंस. माझ्या कपाळावर घाम होता, मार्गशीर्षात. मग तू "बरं" म्हणालीस आणि पाय धुवायला गेलीस. मला वाटलं, सुटलो.

पुढे जे झालं त्याने मी रोज थोडा थोडा मेलो, तेही लिहितो. ते लिंबू तू सांभाळलंस. माझं म्हणून. पाण्याचे लाड नको म्हणणारी तू, माघापासून रोज दोन कळशा विहिरीवरून ओढून त्याला घालत होतीस, कारण कलमाला पाण्याची सवय लागलेली असते, ते पाण्याविना जगत नाही, हे तुला माहीत होतं. मी म्हणायचो, राहू दे अक्का, कंबर दुखेल. तू म्हणायचीस, त्याचा काय दोष? वैशाखात गल्लीची विहीर आटली, प्यायचं पाणी लांबून आणायची पाळी आली, आणि आठ दिवसांत लिंबू पाचोळ्यासारखं वाजायला लागलं. ते मेलं तेव्हा तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या नव्हतं, मला तेव्हा नुसती लाज वाटत होती.

आणि मग ज्येष्ठातली ती सकाळ. पाऊस नव्हता, पावसाचं नावही नव्हतं. पायाला चटके बसतील अशी जमीन. तू हाक मारलीस, "भाऊ, आठे ये, देख!" मी आलो. वाळक्या लिंबाच्या शेजारी मातीला भेग पडली होती आणि भेगेतून तांबूस रंगाचा कोंब वर आला होता, करंगळीएवढा, त्याला दोन पानं, कोवळी, लवलवती. मी कापलेल्या जागीच. सहा महिने त्याला कुणी थेंब पाणी दिलं नव्हतं, लिंबाला घातलेलं लिंबूच पीत होतं, विहीर आटून महिना झाला होता. ते पाणी त्या कोंबाने कुठून आणलं, अक्का? माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मी तिथेच उकिडवा बसलो. तू माझ्या पाठीवर हात ठेवलास आणि म्हणालीस, "मरत नही रे ते." त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. माझे ओठ हललेसुद्धा. तेवढ्यात शांताने चहाला हाक मारली.

त्यानंतरच्या वर्षी नगरपालिकेने बोळात गटार खणलं. कोपऱ्याच्या बाहेरच्या अंगाला मजुरांनी चार हात खोल चर मारला, वर काळी माती, खाली मुरूम, पहारीला न जुमानणारा. मी कचेरीतून आलो तर तू चरात उतरलेली! पन्नाशीची बाई, पदर खोचून, बोळातली माणसं तोंडात बोट घालून पाहताहेत. तू मला खाली बोलावलंस. मुरमाच्या कापलेल्या अंगात एक फट होती आणि त्या फटीतून सीताफळाचं मूळ खाली गेलं होतं, माझ्या बोटाएवढं जाड, पिवळसर, ओलं. चराच्या तळालाही ते संपत नव्हतं. मी फीत काढली. वर झाड तेव्हा कमरेएवढंही नव्हतं, आणि खाली सहा फुटांपर्यंत मी मोजलं आणि पुढे मोजता आलं नाही, कारण ते दगडात शिरलं होतं. पंचवीस वर्षं मी जमीन मोजतोय. लांबी आणि रुंदी मोजतो, नकाशावर रेघ ओढतो आणि समजतो की जमीन मोजून झाली. त्या चरात मला पहिल्यांदा कळलं की मी जमिनीची नुसती साल मोजत होतो. मी तुझ्याकडे पाहिलं. तू त्या मुळावर मातीचा ओला गोळा दाबत होतीस, जखमेला लेप लावावा तसा, आणि मला वाटलं, ही बाई कोण आहे? माझ्याच घरात जेवते, माझ्या मुलींच्या वेण्या घालते, आणि हिला जमिनीच्या पोटातलं दिसतं.

कोंब फुटल्यावर चौथ्या वर्षी पहिलं फळ धरलं. एकच. दिवाळीच्या सुमारास त्याचे डोळे उघडले, म्हणजे खवल्यांच्या मधल्या रेघा पांढऱ्या झाल्या, तेव्हा तू ते काढून ज्वारीच्या कणगीत पिकत ठेवलंस. पिकल्यावर घरात एवढी माणसं असताना ते तू माझ्या हातात दिलंस. "पहिलं फळ तू खाय," म्हणालीस. इतकं गोड काही मी खाल्लेलं नाही, आणि इतकं गिळायला अवघडही. त्यानंतर दर वर्षी तेच. पहिलं फळ माझं. दुसरं भिंतीवरून बायजाला. झाड छपराएवढं झालं आणि तिथेच थांबलं, जणू त्याला भिंतींची हद्द समजावून सांगितली होती. दुपारी त्याच्याखाली तू धान्य निवडत बसायचीस, बरोबर एका माणसापुरती सावली. त्याचा पाला तू खाटेत घालायचीस, त्या उग्र वासाने ढेकूण पळायचे. बिया वाटून उवांसाठी मुलींच्या केसांना लावायचीस, आधी त्यांच्या डोळ्यांवर फडकं घट्ट बांधून. युद्धाच्या काळात बाजारात काही म्हणजे काही मिळेना, रॉकेलच्या रांगा अजून संपलेल्या नाहीत, पण त्या कोपऱ्याने कधी हात आखडता घेतला नाही.

मी अनेकदा सांगायला आलो. एकदा तू डाळ निवडत होतीस, मी समोर बसून खडे वेचू लागलो, आणि तू हसून विचारलंस, कचेरीतून काढलं का तुला? मी उठून गेलो. जितकी वर्षं गेली तितकं ते वाक्य जड होत गेलं. पहिल्या दिवशी ते एका झाडाबद्दल होतं. नंतर ते माझ्याबद्दल झालं.

शेवटच्या आठवड्यात तुझा ताप उतरत नव्हता. मी कपाळावर पट्टी बदलत होतो. तू डोळे उघडलेस, अगदी स्वच्छ, आणि म्हणालीस, "भाऊ, काही सांगानं शे का?" मला वाटलं, तू निरवानिरवीचं विचारतेस, मुलींच्या लग्नाचं, घराचं. मी म्हटलं, "काही नाही गं, तू आराम कर." तू "बरं" म्हणालीस. तिसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस.

आता काल संध्याकाळचं. पाहुणे गेल्यावर मी मागे आलो तर बायजा भिंतीपलीकडे भांडी घासत होती. काबरी मरून सात-आठ वर्षं झाली असतील. मला वाटलं, अक्काला आता सांगता येत नाही, पण जिच्या मुक्या जनावरावर मी आळ घेतला ती तर समोर आहे. मी भिंतीला धरून उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. कोयता, लिंबू, बकरी, सगळं.

बायजाचे हात थांबले. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी तिला सूर्य पूर्वेला उगवतो म्हणून सांगितलं.

"भाऊ," ती म्हणाली, "सीताफळना पालाले बकरी तोंड लावस का कधी?"

मला कळेना.

"त्या पालाना वास किती उग्र शे! उपाशी मरी, पन बकरी सीताफळ खाव नही. बठ्ठा दुनियाले ठाऊक शे हाई. आपला माळवर बकऱ्या बठ्ठं खातीस, सीताफळ तेवढंच उभं ऱ्हास."

बठ्ठ्या दुनियेला. फक्त मोजणी खात्याला नाही. मी भिंतीवर डोकं टेकलं. म्हणजे तू त्याच क्षणी ओळखलं होतंस, पिशवी हातात असताना, "कोनी बकरी" विचारताना. मी बायजाला विचारलं, "मग अक्का तुला काही बोलली?"

"त्याच दिनले बोलनी," बायजा म्हणाली. "मी भिंतवरथीन ऐकं आनि भांडाले उनतू, मना काबरीनं नाव कसाले लिनं म्हनीसन. तिनी माले बसाडं. म्हने, बायजा, मना भाऊनीच कापं ते. तू गप ऱ्हाय. तो सांगी माले. येळ लागी त्याले, पन सांगी." तिने पदराने डोळे पुसले. "मंग मी दर वरीस ईचारू तिले, भिंतवरथीन फळ देवाले उनी का. सांगं का तुना भाऊनी? ती म्हने, आजून नही. औंदा बी ईचारं मी. हासनी आनि म्हने, आजून नही, पन सांगी तो."

अकरा वर्षं. ज्या बाईने एका बोटभर रोपाला पाण्याशिवाय सोडलं आणि त्याच्यावर विश्वास ठेवला, तिने माझ्यावरही ठेवला. तू मला टोकलं नाहीस, पकडलं नाहीस, कुणासमोर उघडं पाडलं नाहीस. लिंबाला पाणी घातलंस, पहिलं फळ माझ्या हातात दिलंस, आणि वाट पाहिलीस. माझ्यात काहीतरी खोल जाणारं आहे असं तुला का वाटलं असेल, अक्का? मी स्वतःला पुष्कळ मोजलं, मला तर कुठे सापडत नाही. रागवायचं होतंस गं. एकदा तरी कान धरायचा होतास.

काल मी सांगितलं, अक्का. तू म्हणाली होतीस तसंच, वेळ लागला, पण सांगितलं. बायजाला सांगितलं.